बीपी जॅकेट : मऊ बरं का प्लेटवालं? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात बंदोबस्तावरच्या माणसाच्या अंगावर काय काय लादलेलं असतं त्यावर चार ओळी लिहिल्या होत्या, तर नंतर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याच्या वर बीपी जॅकेटचेच, म्हणजे बुलेटप्रूफ जॅकेटचे. म्हणून हा महिना त्यालाच देऊन टाकला. सगळे घेता आले नाहीत, सारखे-सारखे होते ते बाजूला काढलेत.

प्रश्न : माझा भाऊ एसआरपीत आहे, अधूनमधून गडचिरोलीकडं ड्युटी लागते. घरी आला की खांदे चोळत बसतो, म्हणतो जॅकेट लई जड हाय. मी मोबाईलवर बघितलं, शर्टाच्या आत घालायचं मऊ जॅकेट पण बुलेटप्रूफ असतं अन् वजन निम्म्याहून कमी. मग आपल्या पोरांना ते कामून देत नाहीत? आम्हीच पैसे घालून घेऊन दिलं तर चालंल का?
— एक बहीण, हिंगोली

उत्तर : ताई, नका घेऊन देऊ. म्हणजे जॅकेट खोटं असतं असं नाही, ते खरंच गोळी अडवतं, पण कुठली गोळी हा सगळा खेळ आहे.

तुम्ही बघितलं ते मऊ जॅकेट म्हणजे आतून कापडच असतं, वीस-पंचवीस किंवा जास्त थर एकावर एक. कापड केवलारचं नाहीतर तसल्याच जातीच्या धाग्याचं. केवलार १९६५ मध्ये ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या बाईंनी शोधला, आणि गंमत म्हणजे शोध चालला होता गाडीच्या टायरसाठी हलक्या आणि मजबूत धाग्याचा. पिस्तुलाची गोळी या थरांवर आदळली की तिचं शिशाचं तोंड चपटं होतं, पसरतं, मग ती एका-दोन धाग्यांना नाही तर शेकडो धाग्यांना एकदम ओढते आणि त्या ओढाओढीत तिचा जोर संपतो. ९ एमएमची गोळी साधारण पावणेचारशे मीटर सेकंदाला जाते, तिच्यात पाच-साडेपाचशे ज्यूल ताकद असते, एवढं चांगलं मऊ जॅकेट आरामात पचवतं.

पण तुमच्या भावासमोर जंगलात पिस्तूल नाही हो, रायफल असते. एके-४७ ची गोळी सातशेच्या वर मीटर सेकंदाला, ताकद दोन हजार ज्यूलच्या आसपास, एसएलआर या जुन्या फौजी रायफलीची तर त्याहून जास्त, आणि रायफलची गोळी बारीक अन् टोकदार, वरून काहींच्या पोटात लोखंडाचा गाभा. ती चपटी व्हायच्या आधीच थर फाडून पलीकडं जाते. तिथं धागा पुरत नाही, तिथं गोळीपेक्षा टणक काहीतरी समोर लागतं, म्हणून सिरॅमिकची, म्हणजे चिनीमातीच्या जातीच्या पण फार टणक पदार्थाची प्लेट. अॅल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड, बोरॉन कार्बाइड असले प्रकार. गोळी सिरॅमिकवर आपटून फुटते, सिरॅमिकपण तेवढ्या जागी फुटतं, आणि त्या दोघांचा चुरा मागच्या पॉलिथिलीनच्या किंवा केवलारच्या थरात अडकतो. वजन येतं ते या प्लेटमुळं. मऊ जॅकेट दोन-तीन किलोत बसतं, इथं पुढची-मागची अशी प्लेटची जोडीच पाच-सहा किलोच्या घरात जाते, मग बाजूचं संरक्षण, गळ्याचं, वरून मॅगझिनचे पाऊच.

आता भावाला एक विचारा, प्लेट नेमकी कुठं बसते त्याच्या अंगावर? साधारण दहा बाय बारा इंचाची असते ती, पूर्ण पोट झाकायला नसतेच, काळीज-फुप्फुसं अन् तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्या झाकायला असते. तिची वरची कड गळ्याखालच्या खळग्याला टेकली पाहिजे, दोन हाडांच्या मधे बोट घातलं की लागतो ना तो खळगा. होतं काय की जड वाटलं की पोरं खांद्याचे पट्टे ढिले सोडतात, प्लेट चार बोटं खाली सरकून पोटावर येते, श्वास घ्यायला बरं वाटतं पण काळजाचा वरचा भाग उघडा पडतो. आणि खांदे दुखायचं अर्धं कारण पण हेच, कमरेचा पट्टा घट्ट नसला की सगळं ओझं खांद्यालाच लोंबतं. नवीन जॅकेट घेऊन द्यायच्या आधी हे पट्टे नीट आवळायला सांगा, फुकटचं काम आहे.

आणखी एक, आणि हे बऱ्याच वर्दीवाल्यांना पण धड माहीत नसतं. काही प्लेटा एकट्याच पुरेशा असतात आणि काहींच्या मागं मऊ जॅकेट असलंच पाहिजे अशा बनवलेल्या असतात, त्यांची टेस्टिंगच तशी जोडीनं झालेली असते. प्लेटच्या मागच्या लेबलवर ते लिहिलेलं असतं. जोडीची प्लेट नुसत्या टी-शर्टवर चढवली तर तिचा भरवसा नाही. म्हणजे मऊ आणि प्लेट असे दोन पक्ष नसतातच मुळी, पुष्कळ वेळा एकाच्या पाठीवर दुसरं उभं असतं.

वजन कमी करायचं काम आपल्याकडं चालू आहे, अगदी कुणी लक्ष देत नाही असं नाही. २०१८ मध्ये संरक्षण खात्यानं १ लाख ८६ हजार जॅकेटांची ऑर्डर दिली, त्याच वर्षी बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, आयएस १७०५१ हे आपलं स्वतःचं मानक आलं, त्याआधी सगळे अमेरिकेच्या मानकाकडं बघून चालायचे. २०२४ मध्ये डीआरडीओ ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था आणि आयआयटी दिल्लीनं मिळून ‘अभेद’ नावाचं जॅकेट दाखवलं, ते दर्जानुसार ८.२ आणि ९.५ किलोपर्यंत खाली आणलंय. लॅबमधून निघून हिंगोलीच्या कॅम्पात पोचायला वेळ लागतो, ते तर सरकारी कामाचं आहेच.

प्रश्न : सर, ड्रॅगन स्किन नावाचं आर्मर असतं ना, माशाच्या खवल्यासारखं, ते फ्लेक्सिबल पण आहे आणि एके-४७ पण थांबवतं असं म्हणतात. मग जगभर सगळे अजून त्या जुन्या चौकोनी प्लेटाच का वापरतात? यात मोठ्या कंपन्यांचं राजकारण आहे का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : मित्रा, राजकारणाचा आरोप तेव्हा पण झाला होता आणि अजून होतो. पण आधी वस्तू बघू.

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोची पिनॅकल आर्मर नावाची कंपनी, तिनं एक मोठी प्लेट न घेता साधारण दोन इंचाच्या गोल चकत्या घेतल्या, सिरॅमिकच्या, आणि कौलं रचतात तशा एकमेकींवर चढवून कापडावर चिकटवल्या. वाकता येतं, वळता येतं, कुशी पण झाकल्या जातात, बघायला तर एकदम भारी. आयडिया वाईट नव्हतीच. कारण चौकोनी प्लेटची खरी कमजोरी तिच्या कडेला असते, कडेपासून दोन बोटं बाहेर गोळी लागली की प्लेट असून नसल्यासारखी, आणि इथं छाती-पाठ-कुशी सगळीकडं रायफलपासून संरक्षण मिळणार होतं.

मग २००६ च्या मे महिन्यात अमेरिकन लष्करानं मेरीलँडमधल्या एका खाजगी लॅबमध्ये टेस्ट घेतली. ४८ गोळ्यांपैकी १३ आरपार गेल्या. नुसत्या साध्या हवेत नव्हती घेतली टेस्ट, जॅकेट तापवलं, गारठवलं, डिझेलमध्ये भिजवलं, आपटलं. आणि तापवल्यावर, म्हणजे सत्तर अंशाच्या आसपास, चकत्या धरून ठेवणारा गोंद सुटला आणि चकत्या घसरून खाली गोळा झाल्या, वरची छाती मोकळी. आता तू म्हणशील सत्तर अंश कुठं असतं, तर मे महिन्यात नांदेडला दुपारी उन्हात काचा लावून उभी केलेली जीप आठव, आत डॅशबोर्डवर हात ठेवून बघ.

दुसरी गोष्ट वजनाची, ती मला जास्त महत्त्वाची वाटते कारण ती गोंद बदलून सुटत नाही. लष्कराच्या सांगण्याप्रमाणं ड्रॅगन स्किनचं मोठ्या मापाचं जॅकेट साडेएकवीस किलोच्या आसपास भरलं, तेव्हाचं त्यांचं नेहमीचं प्लेटवालं जॅकेट पावणेतेरा किलोच्या आसपास. कारण सरळ आहे, चकत्या एकमेकींवर चढवायच्या म्हणजे एकाच जागेवर दोन-दोन थर येणार, आणि सिरॅमिक काही हलकं नसतं. वर प्रत्येक चकतीला स्वतःची कड असते, आणि कड म्हणजे सिरॅमिकचा नाजूक भाग, गोळी तिरपी आली की दोन चकत्यांच्या सांध्यात शिरायला वाट शोधते. एका प्लेटला चार कडा, इथं शेकडो चकत्यांच्या शेकडो कडा.

कंपनीनं टेस्टच मान्य केली नाही, मग २००७ मध्ये एनबीसी चॅनेलनं जर्मनीत स्वतः वेगळी टेस्ट घेऊन दाखवली, त्यात ड्रॅगन स्किन चांगलं ठरलं आणि लष्करावर टीका झाली, ती टेस्ट साध्या तापमानात होती असं लष्कराचं उत्तर. शेवटी ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकेच्या एनआयजेनं, म्हणजे जॅकेटांना दर्जा देणाऱ्या संस्थेनं, त्याची मान्यता काढून घेतली. माझं मत विचारशील तर यात राजकारण थोडंफार असेल पण गोंद राजकारणानं सुटला नाही.

लवचिक आणि रायफलरोधक दोन्ही एकदम, हे स्वप्न मात्र मेलेलं नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात नॉर्मन वॅग्नर यांनी केवलारला एक द्रव पाजायचं काम केलं, सिलिकाचे अतिबारीक कण पॉलिथिलीन ग्लायकॉलमध्ये मिसळलेले. हळू दाबलं तर पातळ, जोरात आपटलं तर क्षणात घट्ट. पिस्तूल आणि सुऱ्यासाठी त्याचा उपयोग दिसतो, रायफलीपुढं तेवढ्यानं भागत नाही. तुझ्या मेकॅनिकलच्या प्रोजेक्टला विषय म्हणून झकास आहे, कॉर्नस्टार्च-पाण्यावर सुद्धा तत्त्व दाखवता येतं.

प्रश्न : आम्ही तुती लावून रेशीम घेतो, कोष जालन्याच्या मार्केटला नेतो. एका जणानं सांगितलं की पूर्वी रेशमाचं बुलेटप्रूफ जॅकेट व्हायचं. खरं का थाप? खरं असंल तर आमच्या कोषाला भाव यायला हरकत नाही!
— रेशीम शेतकरी, जालना जिल्हा

उत्तर : खरं आहे, थाप नाही. शिकागोमध्ये कॅझिमिर झेग्लेन नावाचे पोलिश धर्मगुरू होते, त्यांनी १८९०च्या दशकात रेशमाचे जाड थर विणून जॅकेट केलं आणि लोकांसमोर गोळी झाडून दाखवली. त्या काळच्या रिव्हॉल्वरची गोळी आजच्या मानानं हळू, ती रेशमात अडकायची. तत्त्व तेच जे पुढं केवलारनं वापरलं, धागा ताणतो पण तुटत नाही. महाग इतकं की साध्या शिपायाला परवडणं शक्यच नव्हतं, आणि नव्या दारूच्या वेगवान रायफली आल्यावर रेशीम मागं पडलं.

कोषाच्या भावाचं म्हणाल तर थोडी थट्टेची अन् थोडी खरी बातमी, २०१६ मध्ये अमेरिकन लष्करानं क्रेग बायोक्राफ्ट नावाच्या कंपनीला छोटं काम दिलं होतं, ती कंपनी रेशीमकिड्यात कोळ्याचा जीन घालून कोळ्याच्या जाळ्यासारखा चिवट धागा काढायच्या मागं आहे. पण त्यासाठी किडेच वेगळे लागतात, तुमच्या शेडमधल्या किड्याला कुणी जॅकेटवाला विचारायला येईल असं धरून तुती वाढवू नका. पैठणीवाले आहेतच की.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवतो. मुलं विचारतात की महाराजांनी अफझलखानाच्या भेटीला चिलखत घातलं होतं, मग ते आत्ताच्या बुलेटप्रूफसारखं का? काय उत्तर द्यावं?
— शिक्षक, पैठण

उत्तर : गुरुजी, मुलांचा प्रश्न तुम्हाला वाटतो त्याहून नेमका आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली महाराज अंगरख्याच्या आत चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घालून गेले. चिलखत म्हणजे बारीक लोखंडी कड्यांची जाळी, अंगाबरोबर वाकते, वरून कपडा घातला की दिसत नाही. भेट सलोख्याची, उघडं पोलादी कवच घालून गेलं असतं तर भेटच झाली नसती. आजचे व्हीआयपींचे अंगरक्षक सफारीच्या आत मऊ जॅकेट घालतात त्यामागं हाच हिशोब, संरक्षण तर हवं पण समोरच्याला दिसायला नको.

आणि प्लेटवालं पण तेव्हा होतं. चारआईना म्हणायचे त्याला, पोलादाचे चार पत्रे, छातीवर, पाठीवर अन् दोन कुशींवर, पट्ट्यांनी बांधलेले. ते बहुतेक वेळा चिलखताच्या वरूनच चढवत, म्हणजे आत जाळी, वर पत्रा. वर हिंगोलीच्या ताईंना जे जोडीच्या प्लेटचं सांगितलं तीच रचना. फरक एवढाच की तेव्हा धोका तलवारीचा, भाल्याचा, बाणाचा होता, बंदुकीच्या गोळीपुढं कडीचं चिलखत टिकत नव्हतं. सहल काढायची असेल तर छत्रपती संभाजीनगरला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालय आहे, तिथं जुना युद्धाचा पोशाख ठेवलाय, मुलांना काचेबाहेरून का होईना बघू द्या.

प्रश्न : मी कॅश व्हॅनवर गार्ड आहे, लातूर-उदगीर-निलंगा असा रूट. एजन्सीनं मऊ जॅकेट दिलंय. उन्हाळ्यात घामानं वास मारायला लागलं म्हणून घरच्यांनी मशीनमध्ये धुतलं अन् गच्चीवर वाळत घातलं. आता ते चालंल का? आणि चाकू-गुप्तीला अडवतं का? मित्र म्हणतो प्लेटवालंच घे.
— गार्ड, लातूर

उत्तर : दादा, आधी हे सांगा की नुसतं कव्हर धुतलं का आतल्या गादीसकट? जॅकेटला खाली किंवा बाजूला वेल्क्रो किंवा चेन असते, ती उघडली की आतून पुढची-मागची पॅनलं निघतात, चपटी, प्लॅस्टिकसारख्या आवरणात शिवून बंद केलेली. कव्हर खुशाल धुवा. पॅनल मात्र ओल्या फडक्यानं पुसायचं, बास. केवलारला ऊन अन् पाणी दोन्ही सोसत नाही, उन्हानं धागा मरतो, ओला झाला की गोळी अडवायची ताकद कमी होते, ब्लीच लागलं तर विचारूच नका. पॅनलचं ते आवरण कुठं उसवलंय, फाटलंय, आत पाणी खुळखुळल्यासारखं किंवा घडी पडून गाठ झाल्यासारखं लागतंय का ते हातानं चाचपून बघा. तसं काही असेल, किंवा पॅनलच मशीनमध्ये फिरलं असेल, तर एजन्सीला लेखी कळवून बदलून मागा, लाजू नका. लेबलवर बनवल्याची तारीख असते, बहुतेक कंपन्या पाचच वर्षांची हमी देतात, तुमच्या अंगावरचं किती जुनं आहे ते पण त्यात कळेल.

घाम अन् उकाडा ही किरकोळ बाब नाही. झायलॉन नावाचा धागा एकेकाळी केवलारपेक्षा हलका अन् मजबूत म्हणून जॅकेटात आला, २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका पोलिसाच्या अशा जॅकेटातून गोळी आत गेली, मग एनआयजेनं वापरलेली १०३ जॅकेटं तपासली तर ६० फेल, २००५ मध्ये झायलॉनवर फुलीच मारली. कारण दमटपणा, उष्णता, उजेड यानं धागा आतून कमजोर व्हायचा, बाहेरून नवंकोरं दिसत असतानाच. म्हणून रात्री जॅकेट खुंटीला लोंबत ठेवू नका, गाडीत तर अजिबात नाही, घरात सावलीत पलंगावर आडवं पसरून ठेवा.

चाकूचं : नाही अडवत. म्हणजे कोयत्याचा आडवा वार थोडाफार थोपवेल, पण गुप्तीचं किंवा सुऱ्याचं टोक धागे बाजूला सारून आत जातं. त्यासाठी वेगळं जॅकेट असतं, आत जाळी किंवा जास्त घट्ट विणीचे थर घातलेलं, आणि लेबलवर तसं स्पष्ट लिहिलेलं. दोन्हीपासून वाचवणारं पण मिळतं, जरा जड पडतं.

मित्राचा सल्ला अर्धा बरोबर. व्हॅनच्या कामात रोज दहा-दहा तास बसणं-उतरणं, पेटी उचलणं, त्यात मऊ जॅकेटच अंगावर राहतं. प्लेटवालं घेतलं तर तिसऱ्या दिवशी ते सीटखाली जाईल, आणि सीटखालचं जॅकेट कुणाला वाचवत नाही. पण एक अडचण आहे आणि ती एजन्सीच्या कानावर घालायला पाहिजे. गावठी कट्टा म्हणजे पिस्तूलच असं आपण धरून चालतो, प्रत्यक्षात बरेच कट्टे ३१५ बोअरच्या रायफलीचं काडतूस टाकून उडवायचे असतात. नळी आखूड असल्यानं त्याची ताकद कमी पडते हे खरं, तरी मऊ जॅकेट ते थांबवेलच अशी खात्री धरू नका. छातीपुढं एक प्लेट सरकवायचा खिसा असलेली मऊ जॅकेटं मिळतात, मोठी रोकड असेल त्या दिवशी प्लेट घालायची, एरवी काढून ठेवायची. तुमच्या कामाला मला तेच सगळ्यात पटतं.

आणि गोळी अडली तरी मार बसतोच बरं का. टेस्टमध्ये जॅकेटमागं मातीचा लगदा ठेवतात, गोळी लागल्यावर त्यात ४४ मिलिमीटरपर्यंत खड्डा पडला तरी एनआयजेच्या नियमात जॅकेट पास असतं. माणसात तेवढ्यानं बरगडी मोडू शकते. गोळी लागून सुद्धा चालत-बोलत असला तरी माणसाला सरळ दवाखान्यात न्यायचं.

प्रश्न : दादा मी भरतीची तयारी करतोय, ऑनलाइन दीड-दोन हजारात प्लेट कॅरियर मिळतंय, घालून पळलं तर स्टॅमिना वाढंल का? आर्मीवाले करतात तसं.
— भरतीवाला, बीड

उत्तर : भावा, दीड-दोन हजारात मिळतं ते नुसतं कॅरियर, म्हणजे पिशवी. आत प्लेट नसते, असली तर फोमची किंवा प्लॅस्टिकची. ती गोळी काय, दगड पण नीट अडवणार नाही, तेव्हा ते घालून कुणापुढं शायनिंग मारू नको.

पळायला म्हणशील तर खऱ्या लोखंडी प्लेटांची जोडी सात-आठ किलोची होते, म्हणजे तू फेकतोस तो ७.२६० किलोचा गोळाच समज छातीला बांधलेला. कॅरियर पळताना वर-खाली आपटतं, खांद्याची अन् मानेची वाट लागते, नडगीचं दुखणं सुरू झालं तर ग्राउंडच्या महिन्यात घरी बसशील. तुला १६०० मीटर काढायचेत, एसआरपीचा फॉर्म असेल तर ५ किलोमीटर, दोन्ही बिनवजनाचेच असतात. वजन घालायचंच असेल तर दोन-तीन किलोनं चालायला सुरुवात कर, चढावर चाल, पळू नको. त्या दीड-दोन हजाराचे चांगले बूट घे, आणि राहिलेच पैसे तर शेंगदाणे-गूळ.